सरासरीवर पाऊच कापला जात नाही

महिन्याभरापूर्वी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन बनवणाऱ्या आठ-दहा जणांच्या गप्पांत एक वाद पेटला. मशीनच्या कंट्रोलरमधला प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा? जुनी मंडळी म्हणाली, सीशिवाय गत्यंतर नाही. त्यातल्या एकाला तर असेंब्लीच, म्हणजे जवळपास यंत्राचीच भाषा, बरी वाटत होती. नव्या पोरांचं उत्तर तयार होतं : ‘काका, पाचशेच्या आत बत्तीस बिटांचा बोर्ड मिळतो, त्यावर पायथन चालतं. कशाला रजिस्टरं मोजत बसायचं?’ चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी दोन्ही बाजू एकाच शब्दाभोवती घिरट्या घालत होत्या. तो शब्द म्हणजे वेग. सी वेगवान म्हणून सी. चिप वेगवान झाली म्हणून पायथन. भांडण निष्कर्षावरून चाललेलं. गृहीतक दोघांचंही एकच, आणि तेच चुकीचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नियंत्रणाचा प्रोग्राम उच्चस्तरीय भाषेतच लिहावा, पण अशा भाषेत की जिच्यातून कंपाइलरला (लिहिलेल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला) सगळं आधी ठरवता येईल : मेमरी किती लागेल, कोणता लूप जास्तीत जास्त किती फेरे घेईल, कोणत्या कामाने कोणासाठी थांबायचं. हे निर्णय जी भाषा मशीन चालू असताना घेते, ती कितीही वेगवान चिपवर बसवली तरी कटरच्या वाटेत नको. भाषेची पातळी वरची की खालची, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कंपाइलर वेळेबद्दल शब्द देऊ शकतो का, एवढंच विचारायचं.

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाला गाडीचा कमाल वेग विचारा. बहुधा सांगता येणार नाही. मोटारीने कसारा घाट उतरून एखाद्या दिवशी गाडीच्या आधी पोचता येतं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो पास काढतो. महिन्यात पंचवीस दिवस लवकर आणि एक दिवस घाटात उलटलेल्या ट्रकमागे चार तास, हा हिशेब सरासरीत उत्तम दिसतो. हजेरीपत्रकावर दिसत नाही. रिअल-टाइमचा अर्थ एवढाच आहे. मुदत दोन मिलिसेकंदांची असो की दोन मिनिटांची, ती दर खेपेला पाळली गेली पाहिजे, आणि पाळली जाईल हे आधी सांगता आलं पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. तीन वर्षांपूर्वी आमच्याच शेडमध्ये बेदाण्याच्या पाऊचचं मशीन उभं केलं. फिल्मच्या रोलवर छापलेला काळा ठिपका, म्हणजे आय मार्क, सेन्सरसमोर आला की सर्वो मोटरने फिल्म थांबवायची, पाऊच चिकटवणारे सीलिंग जॉ मिटायचे, कटर मारायचा. फिल्म ओढली जाते सेकंदाला अर्धा मीटर वेगाने. प्रोग्राम मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनमध्ये, लिहायला मीच होकार दिला होता, कारण तो तीन दिवसांत झाला आणि वाचायला देखणा होता. पहिले चार तास दृष्ट लागावी असं चाललं. मग ऑपरेटर एक पाऊच हातात घेऊन आला. ‘साहेब, ह्याच्यावरचं नाव बघा.’ नावाची शेवटची दोन अक्षरं पुढच्या पाऊचवर गेली होती. कट दोन सेंटिमीटर सरकलेला. त्याच्या पुढचा पाऊच पुन्हा चोख. काही शे पाऊच गेले की पुन्हा एक तसाच. सेन्सर पुसला, मग बदलला. फिल्मचा ताण तपासला, अर्थिंग पाहिलं, सर्वोवाल्याला फोनवर दोन शब्द सुनावले (त्याची नंतर माफी मागितली). तिसऱ्या दिवशी कंट्रोलरची एक रिकामी पिन लूपच्या सुरुवातीला वर आणि शेवटी खाली करून विजेचे संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला लावली. दीड मिलिसेकंद, दीड, दीड, दीड, असं कितीतरी वेळ, आणि मधेच एकदा चाळीस. सेकंदाला अर्धा मीटर, चाळीस मिलिसेकंद : बरोबर वीस मिलिमीटर.

भाषेचा गार्बेज कलेक्टर होता तो. आपल्या गल्लीतल्या घंटागाडीसारखाच. ती रोज येते, तिच्यावाचून चालत नाही, पण ती उभी असते तेवढा वेळ मागची एकही गाडी हलत नाही. प्रोग्राम चालता चालता मेमरीत टाकून दिलेल्या वस्तूंचा ढीग साचतो. जागा संपत आली की सगळं काम थांबवून तो उपसला जातो. आमच्या बोर्डाला बाहेरून मेमरी जोडलेली होती, त्यामुळे ढीगही मोठा आणि उपसायला लागणारा वेळही मोठा. दिवसभराची सरासरी काढली असती तर ती दीड मिलिसेकंदाच्या केसभर वर भरली असती, आणि त्या आकड्यावर कुणीही शिक्का मारला असता. सरासरीवर पाऊच कापला जात नाही.

पायथनवाल्या पोरांचा यावरचा युक्तिवाद पोकळ नाही. कलेक्टर बंद ठेवता येतो, आपल्या सोयीच्या क्षणी चालवता येतो, लागणारी जागा सुरुवातीलाच राखून ठेवता येते. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मधेच थांबवून धावणाऱ्या कोडमध्ये, नवी मेमरी मागू नका, असं मायक्रोपायथनच्या अधिकृत मार्गदर्शनातही स्पष्ट लिहिलेलं आहे. सगळं मान्य. पण मग पायथनमधलं उरलं काय? याद्या वाढवायच्या नाहीत, मजकूर जोडायचा नाही, दशांशसुद्धा जपूनच वापरायचा. आणि हे पथ्य पाळतं कोण? लिहिणारा. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी एका ओळीत दोन शब्द जोडून संदेश छापला, तर तो कलेक्टरचं काम पुन्हा वाढवतोय हे त्याला कुणीही सांगत नाही. प्रोग्राम चालतो, चाचणीत पासही होतो. जो नियम कंपाइलरला ठाऊकच नाही, तो मोडल्याचं कळतं थेट गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये.

‘हेच तर आम्ही सांगत होतो,’ असं आता सीवाले म्हणतील. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की खालच्या पातळीवर लिहिलं की कोणत्या ओळीला किती वेळ लागेल ते बोटावर मोजता येतं. १९८० साली आलेल्या ८०५१ या कंट्रोलर चिपवर हे अक्षरशः खरं होतं. बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की बारा ठोक्यांचं एक मशीन सायकल, म्हणजे नेमका एक मायक्रोसेकंद. बेरजेला एक सायकल, उडीला (प्रोग्रामच्या दुसऱ्या ठिकाणी जायला) दोन, गुणाकाराला चार. डिप्लोमाला असताना वहीला समास आखून त्यात आम्ही सायकली लिहायचो आणि पानाच्या तळाशी बेरीज करायचो. ती बेरीज ऑसिलोस्कोपवर जशीच्या तशी उमटायची; त्या आनंदाची सर नंतर फार थोड्या गोष्टींना आली. पण ते श्रेय असेंब्लीचं होतं की ८०५१ चं? आजच्या कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरमध्ये कॅशे, म्हणजे जवळची छोटी झटपट मेमरी, आहे, पुढची उडी कुठे पडेल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा आहे, एकाच ठोक्यात दोन सूचना उरकण्याची सोय आहे. तीच सूचना कॅशेत सापडली तर लगेच होते, नाही सापडली तर फ्लॅश मेमरीतून येईपर्यंत थांबावं लागतं. तिथे असेंब्लीची ओळ वाचून वेळ सांगणं म्हणजे पंचांग पाहून गंगापूर धरणाचा साठा सांगण्यासारखं आहे.

बरं, सीला तरी वेळ कळते का? शून्यापासून हजारापर्यंत मोजणारा, आत काहीही नसलेला लूप आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी लिहिला आहे. रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसेपर्यंत जरा थांबावं, एवढाच त्याचा हेतू. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपाइलरची काटछाट, बंद असतं तोवर तो इमानाने थांबतो. चालू केलं की कंपाइलर पाहतो, या लूपमधून निष्पन्न काहीच होत नाही, आणि तो लूपच काढून टाकतो. रिले खडखडायला लागतो. चूक कंपाइलरची? मुळीच नाही. सीच्या अधिकृत मानकात लागलेला वेळ हा प्रोग्रामचा परिणाम म्हणून धरलेलाच नाही. ‘इथे थांब’ हा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात होता, भाषेत नव्हता. त्यावर आपण व्होलाटाइलचं, म्हणजे ‘हे काढू नकोस’ असं कंपाइलरला बजावणाऱ्या शब्दाचं, ठिगळ लावतो आणि पुढे जातो. म्हणजे वेळेच्या बाबतीत सी आणि पायथन एकाच बाकावर बसतात. फरक इतकाच, सी वाटेत गार्बेज कलेक्टरसारखं काही पेरून ठेवत नाही.

मग ही वेगाची मोजपट्टी आपल्या हातात आली कुठून? माझ्या मते १९५७ मधून. त्या वर्षी आयबीएमचा फोरट्रान आला. जॉन बॅकस आणि त्यांच्या चमूपुढे तेव्हाच्या जाणत्या प्रोग्रामरांनी एकच आक्षेप ठेवला होता : यंत्राने लिहिलेला कोड हाताने लिहिलेल्याची बरोबरी करूच शकत नाही. अडीच-तीन वर्षं खपून बॅकस यांनी ती बरोबरी जवळपास साधून दाखवली आणि कंपाइलरवरचा वाद तिथेच निकालात निघाला. पण फोरट्रान गणितं सोडवणार होता. उत्तर बारा वाजून पाच मिनिटांनी आलं काय नि सहा मिनिटांनी आलं काय, बरोबर असलं की झालं. ती लढाई वेगावर लढली गेली आणि वेगावर जिंकली गेली. आपण नियंत्रणाच्या आखाड्यात उतरताना जिंकलेलं तेच हत्यार घेऊन आलो. इथला आखाडा वेगळा आहे, हे ज्यांना फार लवकर कळलं त्यांत हॅल्कोम लॅनिंग हे एक. १९५० च्या दशकातच त्यांनी एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकावर बीजगणिताची सूत्रं वाचणारा आरंभीचा अनुवादक लिहिला होता. पुढे अपोलोच्या संगणकात कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे ठरवणारी व्यवस्था त्यांचीच. त्या संगणकात दिशा आणि कक्षेची गणितं एका सावकाश, अर्थ लावत चालणाऱ्या भाषेत होती. घाईचं काम थेट यंत्राच्या भाषेत. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना १२०२ चा इशारा वाजला, कारण नको असलेल्या रडारचे संकेत संगणकाचा वेळ खात होते. यान तरीही उतरलं, कारण वेळ कमी पडला तर कोणतं काम टाकून द्यायचं आणि कोणतं काहीही झालं तरी टाकायचं नाही, हे जमिनीवर असतानाच ठरलेलं होतं.

स्पेस शटलसाठी तर भाषाच नवी केली गेली. तिचं नाव ‘एचएएल-एस’. नाशिककराने हुरळून जाऊ नये, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याशी तिचा काही संबंध नाही. लॅनिंग यांच्या नावावरून ती अक्षरं आली अशी एक व्युत्पत्ती सांगतात. त्या भाषेत ‘हे काम एवढ्या वेळाने पुन्हा कर, याचा अग्रक्रम एवढा’ हे वाक्य म्हणून लिहिता यायचं. वेळ भाषेच्या आत आली होती आणि कंपाइलरला ती वाचता येत होती. म्हणून सगळे घोळ मिटले का? नाही. १० एप्रिल १९८१ चं पहिलं उड्डाण ऐन वेळी थांबवावं लागलं, कारण मुख्य संगणक आणि राखीव संगणक यांची घड्याळं जुळेनात. दोन दिवसांनी ते झालं. भाषा वेळ बोलायला शिकली तरी माणूस चुकायचा थांबत नाही. पण चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं, हा फायदा लहान नाही.

एवढं लांब जायचीही गरज नाही. सातपूर-अंबडच्या कुठल्याही पॅनलचं दार उघडा, आत पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवणारा कंट्रोलर, सापडेल. १९६८ च्या सुमारास डिक मॉर्ले यांच्या चमूने मोटार कारखान्यांतली रिलेची जंगलं हटवण्यासाठी तो घडवला. रिलेचं ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून त्याच्यासाठी जी लिहिण्याची रीत रुळली, ती लॅडर. लॅडर ही खालच्या पातळीची भाषा आहे का? तिच्यात प्रोसेसरची रजिस्टरं मोजावी लागत नाहीत, उडी मारायची वेळ क्वचितच येते. ती चांगली वरच्या पातळीची भाषा आहे आणि कंट्रोलरला कळेल अशा रूपात तिचंही भाषांतरच होतं. म्हणजे ज्या मंडळींनी ‘उच्चस्तरीय भाषा कंट्रोलला चालत नाही’ असा टाहो फोडला, त्यांची निम्मी मशीनं वर्षानुवर्षं तिच्यावरच चालतात! चालतात ती स्कॅनमुळे. सगळे इनपुट एकदम वाच, प्रोग्राम वरून खाली एकदा चालव, सगळे आउटपुट एकदम लिही, पुन्हा पहिल्यापासून. स्कॅनला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर वॉचडॉग, म्हणजे वेळेवर पहारा ठेवणारा टायमर, सीपीयूलाच थांबवतो, उशिराचं उत्तर बाहेर जाऊ देत नाही. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये लस्टर आणि एस्टेरेल या भाषा घडल्या, तेव्हा त्यांनी हीच शिस्त गणिताच्या पायावर उभी केली : प्रत्येक ठोक्याला इनपुट, पुढच्या ठोक्याच्या आत आउटपुट, आणि एकमेकांवर गोल अवलंबून असलेली समीकरणं दिसली तर कंपाइलर प्रोग्राम नाकारतो. लस्टरमधून निघणाऱ्या कोडमध्ये चालता चालता मेमरी मागणं नाही, अमर्याद लूप नाही. म्हणून त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते आधी काढता येतं. लस्टरवर उभं राहिलेलं स्केड हे साधन एअरबसच्या विमानांत वापरलं जातं. लॅडर आणि लस्टर एक नव्हेत, पण गोत्र एकच.

विरोधकांचा अजून एक बाण शिल्लक आहे आणि तो बोथट नाही. ४ जून १९९६ ला एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत फुटलं. प्रोग्राम अ‍ॅडा भाषेत होता, म्हणजे सुरक्षिततेसाठीच घडवलेल्या भाषेत. चौसष्ट बिटांचा अपूर्णांक सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबताना तो मावला नाही आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. मग उच्च भाषेने काय दिवे लावले? पण त्या रूपांतरावरची तपासणी का काढली होती, तेही पाहा. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून काही चलांवरचं संरक्षण वगळलं गेलं. एरियान-४ च्या उड्डाणात ते आकडे तेवढे वाढत नसत. भाषेने दिलेलं कुलूप माणसांनी वेळ वाचवण्यासाठी काढून ठेवलं होतं. आणि हाताने लिहिलेला कोड जास्त भरवशाचा म्हणावा, तर २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले, तो प्रोग्राम असेंब्लीतलाच होता. एक दशांश सेकंद चोवीस बिटांत पूर्ण बसत नाही; शंभर तासांत घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांशाने सरकलं.

कंपाइलरच खोटं बोलला तर? हा आक्षेप मला एरियानपेक्षा जास्त छळतो. २०११ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी यादृच्छिक प्रोग्राम तयार करणारं सीस्मिथ नावाचं साधन वापरून सीच्या नावाजलेल्या कंपाइलरांत ३२५ हून अधिक चुका शोधल्याचं मांडलं. पण लक्षात घ्या, त्या सीच्याच कंपाइलरांतल्या होत्या. ‘सी लिहिलं की नेमकं काय होतं ते मला कळतं’ या आत्मविश्वासाला लागलेला हा सुरुंग आहे. त्याच चाचणीत झाव्हिएर लेरॉय यांच्या कॉम्पसर्ट या कंपाइलरच्या ज्या भागाची अचूकता गणिताने सिद्ध केलेली होती, त्या भागात एकही चूक सापडली नाही. कंपाइलरवर विश्वास ठेवायचा की नाही, यापेक्षा कोणत्या कंपाइलरवर आणि कशाच्या जोरावर, असं विचारणं जास्त कामाचं.

इथे मला पैशाचा आणि माणसांचा मुद्दा निमूटपणे मान्य करावा लागतो. सिद्ध केलेले कंपाइलर, वाईटात वाईट वेळ काढून देणारी साधनं, हे विमान आणि रेल्वेवाल्यांचे चोचले. पंधरा माणसांच्या शेडला परवडत नाहीत. शिवाय रात्री दोनला मशीन बंद पडलं तर सिन्नरहून येणारा वायरमन लॅडर वाचू शकतो. लस्टर नाही, रस्ट ही नवी भाषाही नाही. हा मुद्दा मी खोडणार नाही. फक्त एवढं म्हणेन की परवडत नाही म्हणून मोजायचंच सोडून द्यावं असं कुठे आहे? ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे आहे. एक पिन वर-खाली करून आठवडाभरात दिसलेला सर्वांत लांब फेरा लिहून ठेवायला खर्च शून्य. मोजलेला आकडा म्हणजे सिद्ध झालेला आकडा नव्हे, हे खरं. त्याच्या वर थोडी सूट धरून वॉचडॉग लावता येतो.

आणि प्रत्येक ठिकाणी हा काटेकोरपणा लागत नाही, हे नव्या पोरांच्या बाजूने सांगायलाच हवं. द्राक्षबागेतल्या ठिबकचा व्हॉल्व्ह चाळीस मिलिसेकंद उशिरा उघडला तर वेलीला कळणारसुद्धा नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलेलं पाणी कमरेपर्यंत चढायला जो वेळ जातो, तेवढ्यात घंटागाडी गल्लीत कितीदा तरी येऊन जाईल. तिथे खुशाल पायथन लिहा. वाचायला सोपं आहे, चुका कमी होतील. उलट टोकाला ओझरला ज्याची जोडणी होते ते तेजस, मुळातच अस्थिर ठेवलेलं विमान, जे संगणकाने क्षणोक्षणी सावरलं नाही तर वैमानिकाला एकट्याने सावरता येणार नाही. आपली मशीनं या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात, आणि एकाच मशीनचे दोन भाग दोन टोकांना असू शकतात.

आमचं पाऊच मशीन तसंच निघालं. स्क्रीन, रेसिपी, दिवसाचा रिपोर्ट हे सगळं पायथनमध्येच ठेवलं, वेगळ्या चिपवर. आय मार्क थेट टायमरच्या पायाला जोडला, म्हणजे ठिपका नेमका कधी आला ते हार्डवेअरच टिपून ठेवतं. कटरचं चार पानी लॉजिक रस्टमध्ये पुन्हा लिहिलं, ढीग (हीप), म्हणजे प्रोग्राम चालता चालता मागायची मेमरी, ही गोष्टच नसलेल्या बिल्डमध्ये. कुणी चुकून ढिगातली मेमरी मागितली तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. आठवडाभरातला सर्वांत लांब फेरा ०.३ मिलिसेकंदाच्या आत राहिला, वॉचडॉग एक मिलिसेकंदावर लावला. सरासरी किती आली ते आम्ही लिहून ठेवलंच नाही. हे मशीन घेतलेल्या पिंपळगावच्या गिऱ्हाइकाने पुढच्या मशीनची ऑर्डर पाठवली, तेव्हा ‘पाऊच प्रति मिनिट’ या छापील रकान्याखाली पेनाने आणखी एक रकाना आखून पाठवला होता : ‘सर्वांत उशिरा किती?’